नाश्त्यानंतर निघा, जेवायला परत या

युरोपच्या सहलीचा नकाशा टेबलावर पसरला की पहिली धास्ती अंतरांची. किल्ला इथे, शिखर तिथे, एका दिवसात जमणार कसं? तर आधी आपली घरची मोजपट्टी हातात घेऊ. मुंबई–पुणे, दीडशे किलोमीटर. आता म्युनिकला मुक्काम टाका आणि तिला मुंबई समजा. जर्मनीचं सर्वांत उंच शिखर त्सुगस्पिट्झ साधारण नव्वद किलोमीटरवर, म्हणजे लोणावळ्याच्या जरा पुढे. जगभरच्या कॅलेंडरांवर झळकणारा नॉयश्वानस्टाइन किल्ला सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तळेगाव सोडलं की आलाच. पुणं गाठायच्या आधी दोन्ही संपली! साध्या गाड्यांना चालणारं बायर्न-तिकीट नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत एकच. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं, म्हणून नाश्ता सावकाश करा. पोटभर करा. पुढे आकडे पचवायचेत.

पहिला दिवस किल्ल्याचा. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ साली पायाभरणी केली. बेत दोनशेहून जास्त खोल्यांचा. पुऱ्या सजल्या जेमतेम पंधरा! पण त्या पंधरांसाठी काय काय डोंगरावर चढलं ते बघा. १८७९ आणि १८८० या दोनच वर्षांत ४६५ टन संगमरवर, १,५५० टन वालुकाश्म, चार लाख विटा. नुसता दगड धरला तरी दहा टनी ट्रक दोनशे. आणि ट्रक तर तेव्हा नव्हतेच! राजाच्या शयनगृहातल्या लाकडी कोरीवकामावर चौदा कारागीर चार वर्षांहून जास्त काळ बसले होते. एकट्यानेच करायचं म्हटलं असतं तर विशीत पटाशी हातात घेतलेला सुतार पंच्याहत्तरी ओलांडल्यावर खाली ठेवता.

आता पैसा. खर्च झाला सुमारे ६२ लाख मार्क. आकडा ऐकून काहीच वाटत नाही ना? थांबा. तेव्हाचा मार्क सोन्याला बांधलेला होता, २,७९० मार्कांना एक किलो शुद्ध सोनं. भागाकार करा. सव्वादोन हजार किलो सोनं येतं! तोळ्यात सांगायचं तर सुमारे एक लाख नव्वद हजार तोळे. दहा ग्रॅमला एक लाख रुपये असा सोपा भाव धरला तरी झाले बावीसशे कोटी रुपये. आणि एवढं करून राजा त्या किल्ल्यात राहिला किती दिवस? १७२. एका दिवसाचे जवळजवळ तेरा कोटी!

जून १८८६मध्ये तो गेला आणि सात आठवड्यांत किल्ला लोकांना खुला झाला. आता वर्षाला सुमारे चौदा लाख माणसं येतात. ऐन उन्हाळ्यात दिवसाला सहा हजार. बारा डब्यांच्या पाच लोकलमधली सगळी बाकं भरतील एवढी माणसं त्या मोजक्या खोल्यांतून रोज जातात. म्हणूनच तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते. ते आधी काढून ठेवा आणि वेळ चुकवू नका. आतला फेरा अर्ध्या तासाचाच. मला विचाराल तर खरी चैन बाहेर आहे. मारियनब्रुक पुलावर जा. खाली दरीत धबधबा आहे, नव्वद मीटर खोल. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्या दरीत उभा केला तर पुलाखालून अख्खा मावेल, आणि त्याचं टोक आपल्या पायांखाली राहील!

दुसऱ्या दिवशी त्सुगस्पिट्झ, उंची २,९६२ मीटर. पायथ्याच्या आयब्जे तळ्यापासून एक केबल कार वर जाते, २०१७च्या डिसेंबरात सुरू झालेली. एका डब्यात १२० माणसं, म्हणजे अडीच एसटी हवेत तरंगताहेत. वाटेत खांब फक्त एक. त्याची उंची १२७ मीटर, गेटवे ऑफ इंडिया एकावर एक पाच ठेवल्यासारखी. त्या खांबापासून शिखरापर्यंत तार कशालाही न टेकता जाते ३,२१३ मीटर. नरिमन पॉइंटला एक टोक बांधा, दुसरं गिरगाव चौपाटीकडे ओढा. जवळजवळ अख्खा मरीन ड्राइव्ह, मध्ये एकही आधार नाही! आणि चढण १,९४५ मीटर. रायगडचा रोपवे आपल्याला साधारण चारशे मीटर उचलतो. असे पाच रायगड एकावर एक रचले की हा प्रवास होतो. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. समुद्रात पाय बुडवून उभं राहावं आणि कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी तीनशे मीटर वर जाऊन थांबावं, एवढं वर आपण पोचतो दहा मिनिटांत. चहा गार व्हायला याहून जास्त वेळ लागतो. वर हवा स्वच्छ मिळाली तर चार देशांतली चारशे शिखरं दिसतात.

आता मुक्काम हलवू. त्यात एक दिवस जाईल, जाऊ दे, कारण सगळ्यात मोठा आकडा स्वित्झर्लंडमध्ये वाट बघतोय. इंटरलाकेनहून युंगफ्राऊयोख सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही. पण इंटरलाकेन ५७० मीटरवर आणि वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर. युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन! आपल्या बोरघाटात रूळ सदतीस फुटांमागे एक फूट चढतात आणि तेवढ्यासाठी मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इथे सर्वांत तीव्र जागी चार फुटांमागे एक फूट. म्हणूनच दातेरी रूळ. शेवटच्या टप्प्याची ही लाइन सव्वानऊ किलोमीटरची, त्यातले सातहून जास्त डोंगराच्या पोटात. १८९६ला काम सुरू, १ ऑगस्ट १९१२ला गाडी वर. सोळा वर्षं. दिवसाला सरासरी दीड मीटरच्या आसपास, माणसाच्या उंचीहूनही कमी. त्या खडकात मजुरांचे जीवही गेले. बोगद्याच्या अंधारात बसल्यावर त्यांची आठवण ठेवा.

आणि मग वरच्या सज्जात या. समोर आलेच नावाची हिमनदी. वीस किलोमीटरहून लांब, सुमारे ऐंशी चौरस किलोमीटर पसरलेली. कॉन्कॉर्डिया नावाच्या जागी बर्फाची जाडी आठशे मीटर. गेटवे ऑफ इंडिया रचत बसा, तीस ठेवल्यावर पृष्ठभाग येईल. एकूण बर्फ सुमारे एक हजार कोटी टन. हो, एक हजार कोटी! टीएमसीत मांडू, आपल्याला पावसाळाभर तीच भाषा कळते. वितळवला तर सुमारे साडेतीनशे टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसी. ती बारा वेळा काठोकाठ भरतील! कोयना १०५ टीएमसी. तीन कोयना भरतील आणि चौथीत तिसरा हिस्सा पाणी येईल. अजून पटत नाही? विहिरी खणू. वीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल, भरपूर पाण्याची विहीर. अशा सव्वादोन कोटी विहिरी लागतील. मुंबईपासून पुण्यापर्यंत विहिरीला विहीर चिकटवली तर रांगेत मावतात पंचवीस हजार. तशा नऊशे रांगा शेजारी शेजारी! दादरपासून स्वारगेटपर्यंत साडेपाच किलोमीटर रुंदीचा पट्टा, रस्ता नाही, घर नाही, शेत नाही, नुसत्या तुडुंब विहिरी.

हिमनदीचं टोक गेल्या दीडशे वर्षांत तीन किलोमीटरहून जास्त मागे सरलं आहे, म्हणून सांगते, ही सहल पुढच्या वर्षावर ढकलू नका. टोक मागे सरत असलं तरी हिमनदी अजून चालते आहे. कॉन्कॉर्डियापाशी तिचा वेग दिवसाला सुमारे अर्धा मीटर, जवळजवळ एक हात. आपण सकाळी इंटरलाकेनला पाव-लोणी खाऊन निघालो, दिवसभर हिंडलो आणि संध्याकाळी गरम सूप समोर घेऊन बसलो, तेवढ्या दहा तासांत आठशे मीटर जाडीचा तो बर्फ आवाजही न करता एक वीत पुढे सरकला.