मुंदडा प्रकरण : विमेदारांचा पैसा आणि मंत्र्याची जबाबदारी

मुंदडा प्रकरण हा स्वतंत्र भारतातला पहिला मोठा आर्थिक घोटाळा मानला जातो. जून 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. पुढच्या आठ महिन्यांत हा व्यवहार लोकसभेत गाजला, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी त्याची खुली चौकशी केली आणि केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. त्या वेळी लोकसभेत काँग्रेसचे तब्बल 371 सदस्य होते. सरकार पडण्याची कसलीही धास्ती नव्हती. तरीही एका शेअरखरेदीचा जाब मंत्र्याला द्यावा लागला, म्हणून भारताच्या संसदीय इतिहासात या प्रकरणाला मोठे स्थान आहे.

राष्ट्रीयीकरणाची पार्श्वभूमी

1956 पर्यंत आयुर्विम्याचा धंदा बहुतांशी खासगी कंपन्यांच्या हाती होता. हप्त्यांच्या रूपाने जमणारा पैसा काही उद्योगपती आपल्याच इतर उद्योगांकडे वळवत. डिसेंबर 1955 मध्ये काँग्रेसचे खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतले गैरव्यवहार तपशीलवार मांडले. पुढच्याच महिन्यात, 19 जानेवारी 1956 रोजी, सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा ताब्यात घेतला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. लहानमोठ्या 245 संस्थांचा कारभार एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आले. तोपर्यंत मुंबई शहर महाराष्ट्राला देण्याच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले होते आणि अर्थखाते कृष्णम्माचारींकडे गेले होते.

महामंडळाच्या कायद्यात दोन गोष्टी जाणीवपूर्वक घातलेल्या होत्या. गुंतवणुकीबाबत सल्ला देण्यासाठी महामंडळाची स्वतंत्र समिती असेल, ही पहिली. दुसरी तरतूद कलम 21 मध्ये होती : जनहिताशी संबंधित धोरणात्मक बाबतीत केंद्र सरकारला महामंडळाला निर्देश देता येतील, मात्र ते लेखी असले पाहिजेत. उद्योगपतींच्या हातातून काढून घेतलेला पैसा मंत्र्यांच्या किंवा सचिवांच्या मर्जीवर जाऊ नये, असा या तरतुदींचा अर्थ होता.

व्यवहार कसा झाला

मुंदडा हे झपाट्याने पुढे आलेले सट्टेबाज उद्योगपती होते. मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास, कलकत्त्याची जेसप, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशा जुन्या, नावाजलेल्या कंपन्यांवर त्यांनी कब्जा मिळवला होता. ही खरेदी मुख्यतः उधारीवर झाली होती. 1957 च्या मध्याला कर्जाचा बोजा त्यांना पेलवेनासा झाला आणि गहाण ठेवलेले शेअर बाजारात आले तर भाव कोसळतील अशी वेळ आली. त्यांनी अर्थखात्याचे सचिव एच. एम. पटेल यांच्याकडे धाव घेतली.

जूनच्या अखेरच्या आठवड्यात महामंडळाने मुंदडांकडून सहा कंपन्यांचे शेअर थेट घेतले. वर सांगितलेल्या तीन कंपन्यांशिवाय स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ओस्लर लॅम्प आणि अँजेलो ब्रदर्स या त्यांतल्या उरलेल्या तीन. गुंतवणूक समितीला आधी विचारले गेले नाही. सरकारचा लेखी निर्देशही नव्हता. सचिवांचा शब्द आणि महामंडळाच्या अधिकाऱ्यांची मान्यता एवढ्यावर काम झाले. कलकत्त्याच्या शेअर बाजारातली मंदी आवरण्यासाठी ही खरेदी केली, असे कारण नंतर पुढे करण्यात आले. प्रत्यक्षात दिलेला भाव चढा होता आणि काही कंपन्यांची प्रकृती तोळामासाच होती. पैसा मात्र हप्ता भरणाऱ्या सामान्य माणसाचा होता.

लोकसभेतले प्रश्न

1957 च्या उत्तरार्धात राम सुभग सिंह आणि फिरोज गांधी या काँग्रेसच्याच खासदारांनी लोकसभेत या व्यवहाराबद्दल विचारणा सुरू केली. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर सदस्यांना पुरवणी प्रश्न विचारता येतात. मूळ उत्तर खात्यात बसून तयार करता येते. पुरवणी प्रश्नांच्या माऱ्यात मात्र मंत्र्याची खरी कसोटी लागते. या प्रकरणात नेमके तसेच घडले. सरकारची उत्तरे मोघम होती आणि गुंतवणुकीचे निर्णय महामंडळ स्वतः घेते असा त्यांचा सूर होता. प्रत्येक उत्तरागणिक संशय वाढत गेला.

16 डिसेंबर 1957 रोजी लोकसभेत चर्चा झाली. फिरोज गांधी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंचे जावई होते, तरी त्यांनी हातचे काही राखले नाही. शेअरची संख्या, त्यांचे भाव, खरेदीच्या तारखा आणि पत्रव्यवहार यांचा पुराव्यानिशी पट त्यांनी सभागृहासमोर मांडला. महामंडळ संसदेनेच जन्माला घातले आहे, तेव्हा त्याच्यावर देखरेख ठेवणे हेही संसदेचेच काम आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. सरकारला चौकशी मान्य करावी लागली.

हे भाषण देशभर पोचण्यामागे आणखी एक कारण होते. संसदेत सदस्याने काय बोलावे याला घटनेचे संरक्षण असले, तरी ते छापणाऱ्या वृत्तपत्रावर बदनामीचा खटला होऊ शकत असे. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत प्रामाणिकपणे छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा 1956 मध्ये झाला होता. तो फिरोज गांधी यांनीच खासगी विधेयकाच्या रूपाने आणला होता. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला, 1977 मध्ये तो पुन्हा आला आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने त्यातल्या तत्त्वाला घटनेत स्थान मिळाले.

छागला आयोग

7 जानेवारी 1958 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमण्यात आला. छागलांनी सुनावणी मुंबईत आणि जाहीरपणे घ्यायचे ठरवले. लोकांची इतकी झुंबड उडाली की बाहेर उभ्या राहिलेल्यांना ऐकू यावे म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. आयोगाला साहाय्य करायला देशाचे अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते. देशाचा अर्थमंत्री आणि त्याचा सचिव साक्षीला येऊन परस्परविरोधी बाजू मांडतात, हे दृश्य लोकांना नवे होते. खुद्द सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने सरकारची पाठराखण केली नाही, ही गोष्टही तितकीच मोलाची.

छागलांनी 10 फेब्रुवारी 1958 रोजी, म्हणजे महिन्याभराहून थोड्या अधिक काळात, अहवाल दिला. शेअर बाजाराच्या जाणकारांच्या साक्षी घेऊन त्यांनी बाजार सावरण्याचे कारण फेटाळले. एकाच माणसाच्या कंपन्यांचे शेअर त्याच्याकडूनच घेऊन बाजार सावरत नाही. त्याने तो माणूस तेवढा सावरतो. आपल्या संमतीशिवाय सचिवांनी हे केले, हा कृष्णम्माचारींचा बचावही टिकला नाही. व्यवहार कळल्यानंतर त्यांनी तो नाकारला नव्हता. शिवाय सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते आणि अधिकाऱ्याच्या आड त्याला लपता येत नाही, असे छागलांनी ठामपणे नोंदवले. स्वायत्त महामंडळाच्या कारभारात सरकारने ढवळाढवळ करू नये, निर्देश द्यायचाच तर तो लेखी द्यावा, असेही त्यांनी बजावले.

राजीनामा आणि पडसाद

फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींचा राजीनामा जाहीर झाला. या व्यवहारात त्यांचा वाटा अगदी थोडा होता असे नेहरूंचे मत होते आणि ते त्यांनी लपवले नाही. तरी राजीनामा त्यांनी स्वीकारला. अर्थसंकल्प तोंडावर आला होता. नेहरूंनी अर्थखाते स्वतःकडे घेतले आणि 28 फेब्रुवारीला तो मांडला. पंतप्रधानाने अर्थसंकल्प मांडण्याची ही पहिलीच वेळ. मार्चमध्ये मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री मोरारजी देसाई अर्थमंत्री झाले.

अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांचे मंडळ नेमले गेले. मुंदडांनी काँग्रेसला दिलेल्या देणग्यांचा विषय या चौकशीत निघाला आणि उद्योगपती व सत्ताधारी पक्ष यांच्या पैशाच्या नात्याची चर्चा उघडपणे सुरू झाली. मुंदडांना अटक झाली. पुढे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

व्यक्तींच्या वाटा मात्र इथे संपल्या नाहीत. कृष्णम्माचारी 1962 मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि 1963 मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. एच. एम. पटेल सरकारी सेवा सोडून राजकारणात गेले आणि 1977 मध्ये जनता सरकारचे अर्थमंत्री झाले. छागला 1958 मध्येच अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले आणि नंतर केंद्रात शिक्षणमंत्री झाले. फिरोज गांधी यांचे 8 सप्टेंबर 1960 रोजी निधन झाले.

संस्थात्मक परिणाम अधिक टिकाऊ ठरला. सार्वजनिक उद्योगांवर संसदेने देखरेख कशी ठेवावी याचा विचार करण्यासाठी 1958 मध्ये काँग्रेसच्या संसदीय पक्षाने व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या विचाराचे फळ म्हणून 1964 मध्ये संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती अस्तित्वात आली. सरकारी कंपन्या आणि महामंडळे यांचे हिशेब व कारभार ही समिती आजही तपासते.

त्यानंतरच्या काळात घोटाळ्यांचे आकडे कितीतरी पटींनी वाढले, चौकशी आयोग वर्षानुवर्षे चालले आणि त्यांचे अहवाल धूळ खात पडले. मुंदडा प्रकरणात निकाल लवकर लागला, कारण एकामागून एक सगळ्यांनी आपापले काम चोख केले. खासदाराने स्वपक्षाची भीड धरली नाही, वृत्तपत्रांनी सभागृहातला शब्द लोकांपर्यंत नेला, न्यायाधीशाने दारे उघडी ठेवली आणि पंतप्रधानाने मन घट्ट करून सहकाऱ्याचा राजीनामा घेतला. यांतल्या एकानेही अंग चोरले असते, तर सव्वा कोटींचा हा व्यवहार महामंडळाच्या दप्तरातच गाडला गेला असता.