न फुलणारं गवत

पेडण्यात, डिचोलीत जुन्या घराच्या परसात डोकावलं, तर न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथे बहुधा गवती चहाचं बेट दिसतं. कुठून आलं, विचारा. शेजारणीने दिलं, तिने माहेराहून आणलं होतं. वनस्पतिशास्त्राचं उत्तरही याहून वेगळं नाही! हे गवत क्वचितच फुलतं, बी जवळजवळ धरतच नाही. ठोंब फोडून मुळासकट फुटवा द्यायचा, एवढाच त्याचा वंशविस्तार. दोन वाड्यांतली बेटं एकाच रोपाचे तुकडे असू शकतात. १७८८ साली पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलं, पण तेरेखोल नदी ओलांडून सोयरिकी होतच राहिल्या, आणि त्यांच्यासोबत फुटवेही गेले असणार.

चहाच्या झुडपाशी याचं काही नातं नाही. हा ऊस-ज्वारीच्या कुळातला. वास मात्र लिंबाचा, आणि खरी गंमत इथे आहे. लिंबाच्या सालीच्या तेलात बहुतेक भाग लिमोनिनचा. ज्यामुळे आपल्याला ‘लिंबू’ जाणवतं ते सिट्रल त्यात जेमतेम काही टक्के असतं, तर गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के! पात्याच्या आत खास पेशींमध्ये, लाकडासारख्या कडक झालेल्या भिंतींआड हे तेल कोंडलेलं असतं. म्हणून उभ्या बेटाला फारसा वास नसतो. पातं चुरगळलं की घमघमाट.

याचा चहा करायची रीत सोपी. चार पाती धुऊन त्यांची गाठ मारायची, म्हणजे नंतर अलगद उचलता येतात. पाण्यात ती, ठेचलेलं आलं, हवा तर गूळ. सर्दी-कसर असेल तर तुळस, दोन मिरे. दूध आवडत असेल तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर गुळाने फाटायचं. कोराच उत्तम, असं माझं मत.

झाकण मात्र विसरू नये. सिट्रल एकटं उकळायला सव्वादोनशे अंशांहून जास्त उष्णता लागते, तरी पाण्याच्या वाफेवर स्वार होऊन ते शंभरालाच पसार होतं. अत्तरवाले याच युक्तीने तेल काढतात. घरभर सुटलेला सुवास म्हणजे कपातून गेलेला ऐवज.

आणि मधमाश्या? कामकरी माशी सोबतिणींना बोलावते त्या गंधातही सिट्रल असतं. म्हणून पाळणारे रिकाम्या पेटीत या तेलाचे दोन थेंब लावतात, आणि कधीकधी सबंध थवा येऊन मुक्काम करतो.