कॉलेज ऑफ आर्म्स

कॉलेज ऑफ आर्म्स ही इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील कुलचिन्हे प्रदान करणारी आणि त्यांच्या नोंदी जतन करणारी संस्था आहे. तिचे कार्यालय लंडनमधील क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे. तेथील अधिकाऱ्यांना सामान्यतः 'हेरल्ड' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हे काम लॉर्ड लायन या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे असते.

पार्श्वभूमी

१२व्या शतकात पश्चिम युरोपातील सरदार ढालीवर व निशाणावर ठरावीक चिन्हे धारण करू लागले आणि पुढे ती वंशपरंपरागत झाली. राजाचे निरोप पोहोचविणे व शस्त्रस्पर्धांची घोषणा करणे ही हेरल्डांची मूळ कामे होत. स्पर्धेतील योद्धे चिन्हांवरूनच ओळखावे लागत असल्याने हेरल्ड या विषयाचे जाणकार बनले.

एकच चिन्ह दोन घराण्यांनी वापरल्यास तंटे उद्भवत. निळ्या ढालीवरील तिरप्या सोनेरी पट्ट्यावरून सर रिचर्ड स्क्रोप व सर रॉबर्ट ग्रोव्हनर यांच्यात १३८५ मध्ये सुरू झालेला वाद १३९० पर्यंत चालला. कवी जेफ्री चॉसर याने त्यात साक्ष दिली होती. निकाल स्क्रोप यांच्या बाजूने लागला.

इतिहास

राजा तिसरा रिचर्ड याने १४८४ मध्ये हेरल्डांना सनद व लंडनमध्ये वास्तू दिली. पुढील वर्षी तो युद्धात मारला गेल्यावर सातव्या हेन्रीने ती वास्तू परत घेतली. १५५५ मध्ये राणी पहिली मेरी हिच्या कारकिर्दीत संस्थेला नवी सनद व नवी वास्तू मिळाली. १६६६ च्या भीषण आगीत ही वास्तू जळाली. मात्र दप्तर वेळीच हलविल्यामुळे बहुतेक नोंदी वाचल्या.

१५३० ते १६८८ या काळात हेरल्ड परगण्यांत फिरून चिन्हांवरील हक्क तपासत व वंशावळी नोंदवून घेत. हक्क सिद्ध न झालेल्यांची नावे जाहीर केली जात. या नोंदी आजही इतिहास व वंशशास्त्राच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहेत.

रचना व कार्य

संस्थेत १३ नियमित अधिकारी असतात: ३ किंग ऑफ आर्म्स, ६ हेरल्ड व ४ परसुइव्हंट. गार्टर हा त्यांतील सर्वांत वरिष्ठ होय. अर्ल मार्शल हे वंशपरंपरागत पद धारण करणारे नॉरफोकचे ड्यूक संस्थेवर देखरेख ठेवतात. राज्याभिषेकासारख्या समारंभांत हे अधिकारी राजचिन्हांकित 'टॅबर्ड' हा अंगरखा परिधान करतात.

कुलचिन्ह आडनावाला मिळते, हा समज चुकीचा आहे. ते विशिष्ट व्यक्तीला किंवा संस्थेला दिले जाते. व्यक्तीला दिलेले चिन्ह तिच्या पुरुषवंशातील औरस वारसांकडे जाते. केवळ आडनाव समान असल्याने कोणालाही त्यावर हक्क सांगता येत नाही.