गरोदरपणातील कावीळ : नाव एक, आजार वेगवेगळे

पावसाळ्याच्या सुरुवातीला जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने कावीळ डोके वर काढते. पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण, महाळुंगेपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील डॉक्टरांना हे चक्र परिचयाचे आहे. बहुतेकांची कावीळ विश्रांती आणि साध्या आहारावर तीन-चार आठवड्यांत ओसरते. त्यामुळे ‘कावीळ काय, आपोआप जाते’ असा समज घरोघरी पक्का झालेला असतो. मात्र डोळे पिवळे झालेली व्यक्ती सातव्या-आठव्या महिन्याची गर्भवती असेल, तर हाच समज जिवावर बेतू शकतो.

कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन वाढले की डोळे आणि लघवी पिवळी होते. ते का वाढले, हे निव्वळ पाहून सांगता येत नाही. गरोदरपणात तर त्याची कारणे दोन अगदी वेगळ्या गटांत मोडतात. पहिल्या गटातील आजार कोणालाही होऊ शकतात आणि गर्भवतीला झाले तर काही वेळा फार तीव्र होतात. दुसऱ्या गटातील आजार गरोदरपणामुळेच होतात आणि बाळंतपणानंतर ओसरतात. उपचाराची दिशा या फरकावर ठरते.

एका विषाणूचा माग

पहिल्या गटातील सर्वांत धोकादायक नाव हेपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या या विषाणूचा शोध लागण्यात पुण्याचाही वाटा आहे.

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या जलउपसा केंद्रापर्यंत मागे सरकले. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढवल्याने जिवाणूंचे आजार आटोक्यात राहिले, पण हा विषाणू त्यातून निसटला. गर्भवतींमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याची नोंद तेव्हाच झाली होती. ही कावीळ आज ज्याला हेपॅटायटिस ए म्हणतात त्याचीच, असे मात्र पुढे वीसहून अधिक वर्षे मानले गेले.

१९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील (एनआयव्ही) शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह दिल्लीच्या आणि १९७५-७६ मधील अहमदाबादच्या साथीतील रक्तनमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा विषाणू ‘ए’ही नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीचा अभ्यास मांडून हाच निष्कर्ष काढला. तिथेही गर्भवतींचे मृत्यू ठळकपणे पुढे आले. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेपासून केलेला अर्क स्वतः प्राशन केला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. १९९० मध्ये विषाणूची जनुकीय ओळख पटली.

महाराष्ट्राला हा विषाणू नवा नाही. कोल्हापुरातील १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या साथीचा अभ्यास पुण्याच्याच संस्थेने केला होता. २०१२ मध्ये इचलकरंजीतही हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली.

गर्भवतीलाच का?

एरवी हेपॅटायटिस ईमुळे शंभरात जेमतेम एखादा रुग्ण दगावतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत संसर्ग झाला, तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यकृत काही दिवसांतच निकामी होते, रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडते, मेंदूला सूज येते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा बाळ पोटात दगावण्याचा धोकाही वाढतो. गरोदरपणातील संप्रेरके आणि बदललेली प्रतिकारशक्ती यांचा यात हात असावा असे मानले जाते. संपूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणूनच कावीळ झाल्यावर ‘काल काय खाल्ले’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. महिन्या-दीड महिन्यापूर्वी पाणी कुठले प्यायले, हे विचारावे लागते.

औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाचे उत्तर सहज मिळत नाही. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबे कंपन्यांच्या आसपासच्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. सकाळी नळ, दुपारी बोअर आणि उन्हाळ्यात टँकर, अशी पाण्याची सोय असते. जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी शेजारून जात असेल आणि पाणीपुरवठा खंडित होत असेल, तर रिकाम्या वाहिनीत गळतीतून घाण शिरते. अशा पाण्याला वास किंवा रंग असेलच असे नाही. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण आढळले, तेव्हा पाण्याचा प्रश्न किती जवळ आहे, हे साऱ्या पुण्याने अनुभवले.

दुसरी अडचण आपल्या रीतीची. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. नाव चाकणला नोंदवलेले, सातव्या महिन्यात मुक्काम बीड किंवा लातूरच्या गावी. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतानाच डॉक्टर, पाणी आणि दवाखाना तिन्ही बदलतात. माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासणीचे कागद तिच्या पिशवीत नसतील, तर नव्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून शोधावे लागते.

गरोदरपणाचे स्वतःचे आजार

दुसऱ्या गटातील तीन आजार सर्वांना माहीत हवेत.

पहिल्याची सुरुवात खाजेने होते. शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री वाढते, झोप लागू देत नाही. अंगावर पुरळ नसते. घरात ‘उष्णता वाढली’ म्हणून सब्जाचे पाणी दिले जाते. प्रत्यक्षात यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याने पित्ताम्ले रक्तात साठत असतात. आईला त्याचा त्रास होतो, पण खरा धोका बाळाला असतो. २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक गर्भवतींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. पित्ताम्लांची पातळी १०० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या वर गेलेल्या स्त्रियांत बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के आढळले. ४० पेक्षा कमी पातळी असलेल्यांत ते अगदी नगण्य होते. म्हणून पातळीनुसार प्रसूतीचा आठवडा ठरवला जातो. फार वाढलेली असेल तर ३५-३६ व्या आठवड्याच्या सुमारास. ‘अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड’ या गोळीने काहींची खाज थोडी कमी होते, पण गोळी सुरू आहे म्हणून बाळ सुरक्षित, असे समजू नये.

दुसरा आजार उच्च रक्तदाबाशी जोडलेला. १९८२ मध्ये अमेरिकी डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी त्याला ‘हेल्प’ असे नाव दिले. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि प्लेटलेट घटतात. बरगडीखाली उजवीकडे किंवा छातीच्या खाली दुखते, मळमळते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटदुखीला ‘ॲसिडिटी’ समजून गोळी घेतली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. या आजारात डोळे पिवळे दिसतीलच असे नाही.

तिसरा आजार दुर्मिळ, पण भयंकर. यकृताच्या पेशींत अचानक चरबी साठते आणि यकृत काम थांबवते. काही हजार गरोदरपणांत एखाद्या वेळी तो दिसतो. उलट्या, खूप तहान, पोटदुखी, मग कावीळ, रक्तातील साखर एकदम उतरणे आणि गुंगी असा त्याचा क्रम असतो. पूर्वी यातून आई वाचणे अवघड होते. आज वेळेवर प्रसूती आणि अतिदक्षता उपचार मिळाले, तर बहुतेक माता वाचतात.

उपचार नेमके उलटे

निदान महत्त्वाचे का, ते इथे कळते. ‘हेल्प’ आणि चरबीचा आजार यांत, आईला स्थिर करून लवकरात लवकर प्रसूती करणे हाच मुख्य उपचार असतो. वार बाहेर आल्याशिवाय आजार थांबत नाही. हेपॅटायटिस ईमध्ये मात्र केवळ आईचा जीव वाचावा म्हणून घाईने प्रसूती केल्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. रक्त गोठत नसताना शस्त्रक्रिया केली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्या विषाणूवर गर्भवतीला देता येईल असे खात्रीचे औषध नाही. रिबाव्हिरिन हे औषध गर्भाला घातक ठरू शकते. म्हणून साखर, रक्तदाब, रक्त गोठण्याचा वेळ आणि शुद्धी यांवर तासातासाने लक्ष ठेवणे हाच उपचाराचा कणा.

म्हणूनच फक्त बिलिरुबिन तपासून भागत नाही. एसजीपीटी, प्लेटलेट, आयएनआर, साखर, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि हेपॅटायटिसच्या चाचण्या एकत्र वाचाव्या लागतात. अहवाल वाचताना एक गोष्ट लक्षात हवी. अल्कलाइन फॉस्फटेज गरोदरपणात वाढलेलेच असते, कारण ते वारेतूनही येते. एसजीपीटी मात्र गरोदरपणामुळे वाढत नाही. ते वाढले असेल तर कारण शोधायलाच हवे.

रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि नवजात शिशू विभाग एकाच छताखाली असतील, अशा ठिकाणी या स्त्रियांवर उपचार व्हावेत. चाकणहून वायसीएम किंवा ससूनला पोहोचायचे तर पुणे-नाशिक महामार्गावरची कोंडी वाटेत असते. ग्लानी येण्याची वाट न पाहता, कावीळ दिसताच निघणे शहाणपणाचे. गर्भवतींसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. शासकीय रुग्णालयातील प्रसूती, तपासण्या आणि औषधे २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

हेपॅटायटिस बी : चोवीस तासांची संधी

हेपॅटायटिस बी गर्भवतीला बहुधा काहीच त्रास देत नाही. तो रक्ताच्या तपासणीतच सापडतो. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो आणि पुढे सिरॉसिस किंवा यकृताच्या कर्करोगाचे कारण ठरू शकतो. तो टाळणे आपल्या हाती आहे. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस, आई बाधित असल्यास सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, आणि आईच्या रक्तातील विषाणूंची संख्या फार असल्यास शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिरची गोळी. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधांची मोफत सोय आहे. बाधित आईने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. हा आजार एकत्र जेवल्याने पसरत नाही, त्यामुळे सुनेचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही.

माळ, चुना आणि उसाचा रस

कावीळ म्हटले की माळ बांधणे, नाकात रस सोडणे, हातावर डाग देणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवणे’ आठवते. चुन्याच्या पाण्यात दिसणारा पिवळेपणा हातांना आधी चोळलेल्या रसाचा असतो. बिलिरुबिन त्वचेवाटे असे बाहेर पडत नाही. सौम्य कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. गर्भवतीच्या बाबतीत मात्र या फेऱ्यांत गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत. नाकात सोडलेल्या रसाने होणारा दाह आणि अनोळखी जडीबुटीचा यकृतावरचा भार वेगळाच.

पथ्याचेही तसेच. हळद, तेल, डाळ सगळे बंद करून तिला अर्धपोटी ठेवू नये. यकृत आजारी असताना साखर झपाट्याने उतरते, म्हणून थोडे थोडे, वारंवार खायला हवे : वरण-भात, भाकरी, ताक, उकडलेल्या भाज्या. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस औषध म्हणून दिला जातो. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही.

इतके लक्षात ठेवावे

गर्भवतीचे डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी झाली, पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजू लागले, बरगडीखाली दुखू लागले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ती असंबद्ध बोलत असेल, दिवसा झोपून राहत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा बाळाची हालचाल कमी झाली असेल, तर तासाचाही उशीर नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची वा दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होते; ती चुकवू नये, आणि कार्ड माहेरी जाताना सोबत न्यावे.

हेपॅटायटिस ईची लस चीनमध्ये २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील बेन्तिऊ येथे साथ रोखण्यासाठी वापरली गेली. आपल्याकडे ती सर्वसाधारण वापरात नाही. तोपर्यंत आपली लस म्हणजे उकळलेले पाणी. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान मिनिटभर तसेच राहू द्यावे, झाकून ठेवावे आणि दांड्याच्या भांड्याने घ्यावे. गॅस वाचवायचा म्हणून साऱ्या घराचे पाणी उकळणे जमत नसेल, तर निदान पोटुशी बाईचा हंडा तरी वेगळा उकळावा.