मोटारीतला वाटाड्या

नांदेडहून लातूरला जायचं तर वाटाड्या लागत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं मागं टाकीत हमरस्ता आपल्याला आपोआप पोहोचवतो. वाटाड्याची गरज पडते ती हमरस्ता सोडल्यावर, मुखेड-जळकोटाकडं, बालाघाटाच्या डोंगरांत. पूर्वी अशा वेळी गाडी उभी करून पारावरच्या माणसाला वाट विचारीत. हल्ली पुष्कळ मोटारींत काचेजवळ एक लहानसा पडदा असतो, नाहीतर खिशातला मोबाईलच ते काम करतो. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा,’ असं तो बोलूनही दाखवतो. ह्या जीपीएस नावाच्या वाटाड्याचं ऐकावं किती, हे त्याला मुळात काय कळतं त्यावर अवलंबून आहे.

पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसएक उपग्रह फिरत आहेत. त्यांतला पहिला 1978 साली सोडण्यात आला. प्रत्येकात अत्यंत अचूक असं घड्याळ असतं, आणि ‘आता इतके वाजले, मी अमुक जागी आहे’ एवढाच निरोप तो सारखा देत असतो. निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी खाली पोहोचायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्या विलंबावरून आपलं यंत्र अंतर काढतं. अंतरं तीन पुरावीत, मग चौथा उपग्रह कशाला, असं वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारील. त्याचं कारण असं, की आपल्या यंत्रातलं घड्याळ साधं असतं. त्याची चूक हुडकायला चौथा लागतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी आपली जागा तीनशे मीटर सरकते! आपल्या इस्रोनेही 2013 सालापासून ‘नाविक’ नावाचे स्वतःचे उपग्रह सोडले आहेत.

म्हणजे ‘तुम्ही कोठे आहात’ हे यंत्र आभाळाकडून शिकतं, आणि बहुधा काही मीटरांच्या फरकानं बरोबर सांगतं. त्याला मोबाईलची रेंजसुद्धा लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असला, तर माळरानावरही ते चालतं. रात्री परक्या तालुक्यात रुग्ण आणायला निघालेल्या चालकाला हा केवढा आधार आहे, ते निराळं सांगायला नको.

पण ‘पुढं रस्ता आहे का’ हे काही आभाळातून कळत नाही. ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. शहरात हजारो मोबाईल रस्त्यावरून सरकत असतात, त्यांच्या वेगावरून कोठे गर्दी झाली ते यंत्राला उमगतं. आपल्याकडच्या आडवाटेवर तासाला एक गाडी जाते की नाही! वाट सामसूम आहे ती वर्दळ नाही म्हणून, की फरशी पूल पाण्याखाली गेला म्हणून, हे त्यानं कशावरून ओळखावं?

2021 च्या जानेवारीत नेमकं हेच घडलं. पुण्याकडून कळसूबाईला निघालेली मोटार अकोले तालुक्यात रात्री नकाशाप्रमाणे गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यानं तिथला पूल बुडालेला होता. दोघं पोहून वाचले, एकाचा अंत झाला. गावकऱ्यांना तो पूल वर्षातले काही महिने पाण्यात असतो, हे ठाऊक होतं. 2024 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात, पुढचा भाग पुरानं वाहून गेलेल्या पुलावरून मोटार रामगंगेत कोसळली आणि तिघे दगावले. नकाशात पूल शाबूत होता.

आपल्याकडं मन्याड आहे, लेंडी आहे, तेरणा आहे. 2025 च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडीनं काय केलं, ते आपण पाहिलंच. अशा दिवसांत पडदा काहीही दाखवो, फरशीवर पाणी दिसलं की गाडी थांबवावी आणि अलीकडच्या गावात विचारावं. विचारण्यात कमीपणा वाटणारी माणसं हल्ली वाढली आहेत. ह्या यंत्राचा हा एक तोटाच म्हणायचा.

दुसरी अडचण नावांची. वडगाव, पिंपळगाव ही नावं प्रत्येक तालुक्यात सापडतील; तेव्हा गावाबरोबर तालुका सांगितलाच पाहिजे. 1993 च्या भूकंपानंतर तर किल्लारी भागात एकाच नावाची दोन ठिकाणं झाली, जुनं गाव आणि नवं गाव. पाहुण्याला ‘नवीन किल्लारी’ असं स्पष्ट सांगावं. पाणंद ही बैलगाडीला रस्ताच, पण पावसाळ्यात काळ्या मातीत मोटार रुतली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. यंत्र जवळची वाट दाखवू लागलं, तर ती डांबरी आहे काय, एवढं विचारून घ्यावं.

शिक्षकांना ह्यात करण्याजोगं काम आहे. मोबाईलवर नांदेडचे अक्षांश सुमारे 19.15 आणि लातूरचे 18.40 दिसतात, मुलांना आपल्या शाळेचे काढायला लावावेत आणि ते फलकावर लिहून ठेवावेत. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावताना ते आकडे सांगता येतात. नकाशात चूक असेल, तर ती कळवण्याची सोय पुष्कळशा नकाशांतच असते. गावचा कोणता पूल कोणत्या महिन्यांत बुडतो, ते तेथे कळवावं, आणि पुलाच्या दोन्ही अंगांना रात्री दिसेल असा फलक लावण्याविषयी ग्रामपंचायतीला लेखी द्यावं.