कॉम्प्रेसरवर खापर फोडण्याआधी

मे महिन्यात गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "भाऊ, कॉम्प्रेसर बसला, बदलावा लागते." नरखेड, जलालखेडा, मोवाडकडचा माणूस मग काटोल नाही तर नागपूर गाठतो आणि मोठं बिल घेऊन परततो. कॉम्प्रेसर बसतो, यात खोटं काही नाही. पण एसीतला तो सगळ्यात महाग भागांपैकी एक, आणि त्याचा दोष नसतानाही तोच बदलला जातो, ही आपल्या भागातली नेहमीची गोष्ट आहे.

नेहमी दिसणारं एक दुखणं बघा. सकाळी एसी झकास, दुपारी दोन वाजता गरम हवा, संध्याकाळी पुन्हा ठीक. लोक म्हणतात, कॉम्प्रेसर थकला. आता आत काय होतं ते पाहू. पट्ट्यावर फिरणारी पुली इंजिन चालू असेपर्यंत फिरतच असते. एसीचं बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं आणि पुढची क्लच प्लेट 'टक्' करून पुलीला चिकटते. कॉम्प्रेसर फिरतो तो तेव्हापासून. चिकटण्याआधी प्लेट आणि पुलीत साधारण अर्धा मिलिमीटर फट असते. प्लेट झिजत जाते तशी ती वाढते. तापलेल्या कॉइलचा विद्युतरोध वाढतो, त्यातून करंट कमी जातो, चुंबकाचा जोर घटतो आणि वाढलेली फट ओलांडून प्लेट ओढणं त्याला जमत नाही. सावलीत गाडी थंड झाली की पुन्हा जमतं. अशा वेळी फीलर गेजने फट मोजायची आणि प्लेटखालची एखादी पातळ शिम काढायची. प्लेट फारच झिजली असेल तर क्लच बदलावा. कॉम्प्रेसरला हात लावायचं कारण नाही.

प्लेट अजिबातच ओढली जात नसेल तर क्लचच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावून बघायचा. करंट येतोय आणि प्लेट ढिम्म, म्हणजे कॉइल किंवा फट. करंटच येत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, नाही तर उंदरांनी कुरतडलेली वायर. संत्र्याच्या बागेत, गोठ्याशेजारी गाडी उभी करणाऱ्यांना हे शेवटचं कारण वेगळं सांगायला नको. काही नव्या गाड्यांत मात्र हा क्लच नसतोच. तिथे कॉम्प्रेसरच्या आतला कंट्रोल व्हॉल्व्ह तपासावा लागतो, आणि कित्येकदा तो सुटा मिळतो.

गाडी धावताना एसी गार आणि रेल्वे फाटकावर थांबली की गरम, हेही कॉम्प्रेसरच्या नावावर जातं. धावताना वारा कंडेन्सरला थंड करतो. थांबल्यावर ते काम पंख्याचं. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा उन्हात पंखा मंद असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाची तूस बसली असेल तर दाब चढतो आणि प्रेशर स्विच एसी बंद पाडतो. पंखा बघा, जाळी हलक्या धारेने धुवा.

"गॅस दरवर्षी भरावाच लागतो" हा समज तर घट्ट बसलेला आहे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद चक्रात फिरत राहतो. रबरी पाइप आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षाला थोडा झिरपतो, एवढंच. एका उन्हाळ्यात संपला तर गळती आहे. जोडाजवळ तेलकट धुळीचा डाग शोधा, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला की जागा सापडते.

बंद गाडीला गेज लावून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी उभ्या गाडीतला दाब फक्त तापमान सांगतो. आर-१३४ए या एसीच्या गॅसला ४० अंशांवर तो १३० पीएसआयच्या आसपास असतो, गॅस निम्मा असो वा पूर्ण. खरी परीक्षा इंजिन चालू असताना. गेजचे दोन्ही काटे, कमी दाबाचा निळा आणि जास्त दाबाचा लाल, खाली असले तर बहुधा गॅस कमी. दोन्ही वर चढले तर पंखा, कंडेन्सर किंवा गॅस जास्त झालेला. निळा वर, लाल खाली आणि रेस दिली तरी त्यांच्यातलं अंतर फारसं वाढत नाही, तेव्हा कुठे कॉम्प्रेसरवर बोट ठेवायचं.

जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा, असंही नाही. छोट्या गाडीला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. नेमका आकडा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. अर्धा तास व्हॅक्यूम मारून तो वजनाने भरायचा, अंदाजाने नाही. आणि जुना गॅस हवेत सोडून देणं ही वाईट सवय: एक किलो आर-१३४ए १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. २०१६ च्या किगाली करारात असे वायू कमी करायचं ठरलं, ते यामुळेच.

कॉम्प्रेसर खरोखर जाम झाला असेल तर नुसता तोच बदलून भागत नाही. झिजलेल्या धातूचा चंदेरी चुरा पाइप आणि कंडेन्सरमध्ये पसरलेला असतो. पाइप फ्लश न करता, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह न बदलता नवा बसवला तर तोही त्याच चुऱ्याने जातो. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो धुऊन साफ होत नाही. चुरा सापडला तर बदललेलाच बरा. कंपनीने सांगितलेलं तेल मापून टाकलं का, हे मात्र तिथेच उभं राहून विचारा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर आधी पुलीचं बेअरिंग बघायला सांगा. कित्येक कॉम्प्रेसरना ते वेगळं मिळतं.