भाजलेल्या भाज्यांची हिवाळी कोशिंबीर



पौष महिन्यांत गोंदिया जिल्ह्यांत पारा १० अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि चुलीजवळची जागा सोडवत नाहीं. अशा थंडींत कोशिंबीर कोण खाईल, असें आपण म्हणाल. पाश्चात्य देशांत यावर एक तोड काढली आहे. तेथें हिवाळ्यांत भाज्या भट्टींत भाजतात, त्यांत संत्र्याच्या फोडी मिसळतात आणि त्यास 'सॅलड' म्हणतात. आपल्याला हें नवल वाटूं नये. वांग्याचें भरीत आपण कितीतरी पिढ्या खात आलों आहों. त्यांचें सॅलड आणि आपलें भरीत यांत खरें अंतर संत्र्याचेंच आहे, आणि तें अंतर भरून काढणें अगत्याचें आहे.

अगत्याचें कां, तें सांगतों. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आहे. ताटांत मुख्य भात. भातांत लोह फार थोडें. 'क' जीवनसत्त्व तर नाहींच. पालेभाजींत लोह असतें, परंतु तें अशा रूपांत असतें कीं, आंतडें त्याचा अल्प अंशच शोषून घेतें. त्याच जेवणांत आंबट फळ असलें म्हणजे हें शोषण पुष्कळ वाढतें. ज्या घरीं मांस-मासळी क्वचितच शिजते, तेथें स्त्रियांच्या व वाढत्या मुलांच्या रक्ताच्या दृष्टीनें ही गोष्ट किरकोळ नव्हे. जेवणावर लगेच चहा पिण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र याच्या अगदीं उलट काम करते.

संत्र्या-लिंबांचा गुण प्रयोगानें दाखवून दिला तो १७४७ सालीं जेम्स लिंड या इंग्रजी आरमारांतील स्कॉटिश वैद्यानें. हिरड्यांतून रक्त वाहणाऱ्या १२ खलाशांचे त्यानें सहा गट केले व प्रत्येक गटास वेगळें औषध दिलें. ज्या दोघांना संत्रीं व लिंबें मिळालीं, ते सर्वांच्या आधीं बरे झाले. पण हा गुण आंचेला टिकत नाहीं. भाजतांना भाजीनें जें गमावलें, तें कच्च्या फळानें परत द्यावयाचें, हाच या पदार्थांतील हिशेब.

आतां कृति. चार माणसांसाठीं एक मोठें वांगें, दोन रताळीं, दोन गाजरें किंवा लाल भोपळ्याची एक जाड फोड आणि दोन हिरव्या मिरच्या घ्याव्या. रताळीं सर्वांच्या आधीं फुफाट्यांत पुरावीं आणि त्यांची घाई करूं नये. हळूहळू तापतांना रताळ्यांतील पिष्टाची त्याच्याच अंगच्या पाचक द्रव्यानें साखर बनत जाते. झटपट उकडलेल्या रताळ्याला ती गोडी येत नाहीं. वांगें निखाऱ्यांवर फिरवीत साल काळी पडेपर्यंत भाजावें. गाजर व भोपळा यांना तेलाचा हात लावून तव्यावर डाग पडेपर्यंत परतावें. ज्यांच्या घरीं चूल राहिली नाहीं, त्यांनीं गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवावी. धुराचा वास थोडा कमी येईल, इतकेंच.

भाज्या कोमट झाल्यावर सोलून, चिरून एकत्र कराव्या. वांग्याचा मात्र लगदा करूं नये, नाहींतर भरीतच होईल. वर दोन चमचे जवसाचें घाण्याचें ताजें तेल घालावें. पूर्व विदर्भांत तें जुनें आहे; तें तापवूं नये, आणि शिळें असल्यास वास मारतें, तेव्हां तिळाचें बरें. गाजर-भोपळ्यांतील पिवळें द्रव्य, ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें, तें स्निग्धांशावांचून अंगीं नीट लागत नाहीं. म्हणून तेलाची कंजुषी येथें महाग पडते.

धानाच्या कापणीनंतर बांधींत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरतात. त्याचे कोवळे शेंडे खुडले असतां झाड अधिक फुटतें, म्हणून शेतकऱ्याचीहि हरकत नसते. ते शेंडे मूठभर धुऊन कच्चेच मिसळावे; त्यांची स्वतःची आंबटी फार गोड लागते.

अगदीं शेवटीं संत्रें. येथून रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटरांवर नागपूर. तेथील संत्र्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. आंबिया बहाराचें फळ दिवाळीच्या सुमारास येतें व चवीला आंबटसर असतें. फेब्रुवारीपासून येणारें मृग बहाराचें त्याहून गोड. कोशिंबिरीस आंबियाच चांगलें. मृगाचें असल्यास अर्धें लिंबू जास्त पिळावें. दोन संत्र्यांच्या फोडींवरील पांढरे धागे व पापुद्रा काढून बिया टाकाव्या. फोडल्यानंतर रस जसजसा ठेवावा तसतसा कडवट होत जातो, आणि मिठानें फोडींना पाणी सुटतें; म्हणून पानें मांडल्यावरच संत्रें व मीठ घालावें. संत्रें महाग पडत असेल, तर एक आंवळा किसून घालावा. 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतींत तो संत्र्याच्या कितीतरी पुढें आहे, आणि थंडींत आपल्या रानांत पिकतो. शेवटीं भाजलेल्या तिळांची पूड व बारीक चिरलेला सांबार भुरभुरावा.

ही कोशिंबीर सकाळची संध्याकाळीं खाण्यासारखी नव्हे. उरेल असें वाटल्यास संत्रें घालण्यापूर्वींच भाज्यांचा एक वाटा बाजूला काढून ठेवावा; दुसरे दिवशीं त्यांत दही घालून खातां येतें.